अंगण कोणाचे?

'अंगणवाडी' हा शब्द आता सरकारी योजनेचे नाव झाला आहे. त्यातले अंगण आपल्या ध्यानातही येत नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडला हलले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. मॉन्टेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून आसपासच्या वस्तू वापरल्या, याचे कौतुक नेहमी होते. मला त्याहून मोलाचे वाटते ते हे, की इथे शाळेने आपली जागा आणि वेळ मुलाच्या सोयीने बदलली.

तरीही एक गोष्ट राहून गेली. अनुताईंच्या आत्मकथनाचे नाव 'कोसबाडच्या टेकडीवरून'. त्यातल्या 'वरून'पाशी मी थांबतो. बालशिक्षणावरचे आपले बहुतेक लेखन असेच शिक्षकाच्या जागेवरून झालेले आहे. त्यात मूल मायेने रंगवलेले असते, पण त्याचे बोलणे बहुधा आपल्या मराठीत उतरूनच येते.

ही उणीव तोरणमाळला ठळक दिसते. सातपुड्यातल्या या पठारावर आणि भोवतालच्या पाड्यांत घरची बोली पावरी किंवा भिली. अक्राणीच्या या मुलखात उन्हाळ्यात आमचुरासाठी कैरीच्या फोडी वाळत घालतात. चार वर्षांचे मूल त्यांचे ढीग लावते, लहानमोठ्या निवडते, खोटाखोटा बाजार मांडून भाव करते. वर्गीकरण, मोजणी, संवाद, सगळे त्यात आले. आणि हा खेळ त्याने स्वतः ठरवलेला असतो. तेच मूल न कळणाऱ्या मराठी बडबडगीतावर हातवारे करू लागले, तर त्याला आपण खेळ म्हणू. पण त्यात पुढाकार मोठ्यांचाच.

दोष सेविकेवर टाकणे अन्यायाचे होईल. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक. कुपोषणाने ग्रासलेल्या जिल्ह्यात आहार आणि वजनकाटा आधी येणारच. शाळा, बस, कचेरी मराठीत चालतात, म्हणून पालकांनाही मराठी हवी असते. ती मागणी रास्तच आहे. पण पावरीत भाव सांगणाऱ्या मुलाला त्याच बाजारात मराठी शब्द देता येतात. आधी गप्प बसवलेल्या मुलाला ते देणे कठीण.

२०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण खेळ आणि घरची भाषा, दोन्ही मान्य करते. सेविका बहुधा स्थानिक असते, म्हणजे बोली तिच्याकडे आहेच. तिच्या प्रशिक्षणात आणि तपासणीत त्या बोलीला मान मिळायला हवा. तपासायला आलेल्या अधिकाऱ्याने मुलांना गाणे म्हणायला लावू नये. थोडा वेळ बाजूला बसून, खेळ कोण ठरवते आहे आणि कोणत्या भाषेत, एवढेच पाहावे.