अधिकृततेची मोहोर आणि गुणवत्ता : ट्रेन सिम्युलेटर खेळांतील पूरक संचांची चिकित्सा

प्रास्ताविक

रेल्वेगाडी चालविण्याचा अनुभव संगणकाच्या पडद्यावर देणाऱ्या खेळांना 'ट्रेन सिम्युलेटर' असे म्हटले जाते. शर्यतीच्या वा नेमबाजीच्या खेळांप्रमाणे येथे जिंकणे-हरणे नसते. गाडी वेळेवर सोडणे, सिग्नलचा मान राखणे, चढावर इंजिनाची शक्ती पुरविणे आणि फलाटावर नेमक्या जागी गाडी उभी करणे, एवढाच या खेळाचा ऐवज. साहजिकच त्याची गुणवत्ता प्रत्यक्ष रेल्वेशी तो किती इमान राखतो यावर जोखली जाते. मूळ खेळासोबत मोजकेच मार्ग आणि मोजकीच इंजिने मिळतात. उरलेले रेल्वेविश्व पूरक संचांच्या, म्हणजे ॲड-ऑनच्या, रूपाने येते. हे संच सामान्यतः दोन प्रकारचे मानले जातात : मूळ प्रकाशकाने स्वतःच्या नावाने काढलेले अधिकृत संच, आणि अन्य कंपन्यांनी अथवा हौशी मंडळींनी स्वतंत्रपणे तयार केलेले त्रयस्थ संच.

अधिकृत ते भरवशाचे आणि त्रयस्थ ते कच्चे, असा नवख्या ग्राहकाचा समज असतो. जाणकारांमध्ये याच्या नेमका उलट समज तितकाच रूढ आहे. त्यांच्या मते अधिकृत माल बाजारासाठी केलेला असतो, तर खरे रेल्वेप्रेम त्रयस्थांच्या कामात दिसते. दोन्ही समज अर्धवट आहेत. अधिकृततेची मोहोर नेमकी कशाची हमी देते आणि कशाची देत नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विवेचनासाठी 'मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर' (२००१) हा खेळ आणि 'रेल सिम्युलेटर' (२००७) पासून 'ट्रेन सिम्युलेटर क्लासिक' व 'ट्रेन सिम वर्ल्ड' पर्यंत आलेली परंपरा विचारात घेतली आहे. 'ट्रेन्झ' या ऑस्ट्रेलियन खेळाचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा. तो येथे केलेला नाही.

सेटल–कार्लाइल मार्ग आणि परके इंजिन

मायक्रोसॉफ्टचा खेळ कुजू या ब्रिटिश संस्थेने तयार केला होता. त्यात सहा मार्ग होते. त्यांपैकी एक इंग्लंडच्या उत्तरेकडील सेटल ते कार्लाइल हा डोंगराळ मार्ग, तोही १९२० च्या दशकातील रूपात. सुमारे ११६ किलोमीटर लांबीचा हा मार्ग १८७६ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. सेटल सोडल्यावर ब्ली मूरच्या बोगद्यापर्यंत शंभरास एक असा चढ जवळजवळ सलग लागतो आणि वाटेत रिबलहेडचा चोवीस कमानींचा पूल येतो. वाफेच्या इंजिनाची व चालकाची परीक्षा पाहणारा म्हणून हा मार्ग ब्रिटनमध्ये प्रसिद्ध आहे. खेळासाठी तो निवडण्यात रसिकता होती, हे मान्य करावयास हवे.

मात्र या मार्गावर खेळाडूच्या हाती दिलेले इंजिन होते 'फ्लाइंग स्कॉट्समन'. सेटल–कार्लाइल हा मिडलंड रेल्वेचा मार्ग. १९२३ च्या एकत्रीकरणानंतर तो एलएमएस कंपनीकडे गेला. 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे इंजिन प्रतिस्पर्धी एलएनईआर कंपनीचे, आणि त्याचे नाव ज्या गाडीवरून आले ती लंडन–एडिंबरो गाडी धावत असे पूर्व किनाऱ्याने. भोर घाटात जीआयपीऐवजी बीबीसीआयचे इंजिन दाखवावे, तसाच हा प्रकार आहे. जतन केलेले वारसा-इंजिन म्हणून ते पुढे या मार्गावर आले, हे खरे. भूस्खलनामुळे बंद पडलेला हा मार्ग ३१ मार्च २०१७ रोजी पुन्हा सुरू झाला, तेव्हा विशेष गाडी ओढण्याचा मान त्यालाच मिळाला. पण १९२० च्या दशकातील रोजच्या वाहतुकीत त्याला तेथे स्थान नव्हते.

ही चूक अज्ञानातून झाली असे मानण्याचे कारण नाही. खेळाच्या खोक्यावर जगाला ठाऊक असलेले इंजिन हवे होते. अधिकृत निर्मितीमागची प्रेरणा येथे उघड दिसते. रेल्वेचा इतिहास जाणणाऱ्या शंभरांपेक्षा फक्त नाव ऐकलेले लाखभर ग्राहक तिला महत्त्वाचे वाटतात. एलएमएस परंपरेची इंजिने या मार्गाला पुढे मिळाली ती त्रयस्थांकडून, आणि त्यांपैकी बरीच विनामूल्य.

तथापि यावरून अधिकृत निर्मितीला इतिहासाची चाड नसते असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. कुजूच्याच 'रेल सिम्युलेटर'मध्ये बाथ ग्रीन पार्क ते टेम्पलकोंब हा मार्ग होता. सॉमरसेट अँड डॉर्सेट रेल्वेचा हा भाग मार्च १९६६ मध्ये बंद झाला. त्या वाटेने आज गाडीने जाता येत नाही. असा मार्ग पडद्यावर पुन्हा उभा करणे हे एक प्रकारचे दप्तर राखणेच होय, आणि ते अधिकृत संचाने केले.

आवाज, ब्रेक आणि चार सेकंद

मार्गाची रचना डोळ्यांना दिसते. इंजिनाची वागणूक मात्र चालवूनच कळते. अधिकृत आणि त्रयस्थ संचांतील खरा फरक या दुसऱ्या क्षेत्रात आहे. अधिकृत संचात मार्ग, स्थानके, इंजिने, डबे आणि चालविण्याचे प्रसंग हे सर्व एकाच किमतीत आणि ठरलेल्या तारखेला द्यावे लागते. ते साधारण क्षमतेच्या संगणकावरही चालले पाहिजे. या ओढाताणीत प्रथम बळी जातो तो आवाजाचा. एका इंजिनाचा आवाज थोडा वरखाली करून दुसऱ्याला लावला जातो. गाडी रिकामी असो वा भरलेली, ब्रेक सारखाच लागतो. दृश्यात न दिसणारी ही उणीव जाहिरातीतील चित्रांतही दिसत नाही.

या उणिवेवरच ब्रिटनमधील आर्मस्ट्राँग पॉवरहाउससारख्या संस्थांचा व्यवसाय उभा राहिला. आधी विकत घेतलेल्या अधिकृत इंजिनावर बसविण्याचे सुधारणा-संच ही संस्था विकते. त्यांत आवाज नवा असतो, वेग घेण्याची व थांबण्याची रीत प्रत्यक्षाच्या जवळ आणलेली असते आणि चालक-कक्षातील बटणांना अर्थ आलेला असतो. दर्जा निःसंशय वरचा आहे. परंतु ग्राहक एकाच इंजिनासाठी दोनदा पैसे मोजतो, एकदा सांगाड्याचे आणि एकदा जिवाचे. शिवाय मूळ संचाशिवाय हा सुधारणा-संच निरुपयोगी असतो. त्रयस्थाची गुणवत्ता म्हणजे अधिकृत संचातील उणिवेची भरपाई, असे हे चमत्कारिक अर्थकारण आहे.

जर्मन इंजिनांचे उदाहरण अधिक बोलके आहे. जर्मनीत सिग्नलजवळ रुळालगत चुंबक बसवून गाडीवर नजर ठेवणारी 'पीझेडबी' ही यंत्रणा आहे. सावधानतेचा संकेत देणारा पूर्वसूचक सिग्नल ओलांडताच चालकाने चार सेकंदांच्या आत विशिष्ट कळ दाबून तो पाहिल्याची पोच द्यावी लागते. वेगवान प्रवासी गाड्यांच्या वर्गात तेथून तेवीस सेकंदांत वेग ताशी ८५ किलोमीटरपर्यंत उतरवावा लागतो. यांपैकी काहीही चुकले तर आणीबाणीचा ब्रेक आपोआप लागतो. जर्मन चालकाचे सारे लक्ष, त्याच्या कामाची लय, या नियमांभोवती बांधलेली असते. ही यंत्रणा वगळून जर्मन इंजिन चालविणे म्हणजे ठेका काढून टाकलेली लावणी ऐकणे होय.

'रेल सिम्युलेटर' आणि त्याच्या लगतच्या आवृत्त्यांतील अधिकृत जर्मन इंजिनांत ही यंत्रणा पूर्ण स्वरूपात नव्हती. ती तपशिलाने आणण्याचे काम व्हर्च्युअल रेलरोड्स या जर्मन संस्थेने आपल्या 'एक्सपर्ट लाइन' मालिकेत केले. पुढे 'ट्रेन सिम वर्ल्ड'मध्ये लाइपझिगच्या उपनगरी रेल्वेवरील 'रॅपिड ट्रान्झिट' (२०१८) हा अधिकृत संच आला. त्यात पीझेडबी मूळ खेळाचाच भाग होती. त्रयस्थांनी ज्या गोष्टीची चटक लावली ती प्रकाशकाला कालांतराने पदरात घ्यावी लागली, असे हा क्रम पाहून म्हणता येते.

उसना आवाज

त्रयस्थ निर्मितीचे गुणगान करताना तिच्यातील विषमता नजरेआड केली जाते. विकाऊ त्रयस्थ संचांतील उत्तम काम आणि विनामूल्य संचांतील सुमार काम यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. भारतीय रेल्वेच्या इंजिनांचे उदाहरण आपल्याकडील वाचकांना जवळचे वाटेल. मायक्रोसॉफ्टच्या खेळात भारतीय मार्ग वा इंजिन मुळीच नव्हते. डब्ल्यूडीएम आणि डब्ल्यूएपी मालिकांतील इंजिने भारतीय हौशी मंडळींनी स्वतः घडविली आणि विनामूल्य वाटली. त्यांचा हा उद्योग मोलाचा आहे, याविषयी दुमत नाही.

पण या इंजिनांपैकी अनेकांचा बाह्य रंगच तेवढा भारतीय होता. चालक-कक्ष आणि आवाज मूळ खेळातील अमेरिकी इंजिनांकडून उसना घेतला जाई. संबंधित मजकूर-फाइलीत मूळ इंजिनाच्या आवाजाचा वा कक्षाचा पत्ता दिला की काम भागत असे. परिणामी अल्को बनावटीच्या डब्ल्यूडीएम-२ च्या आत बसलेला खेळाडू अमेरिकी डॅश-९ चे फलक पाहत असे. ज्यांनी ही इंजिने लहानपणी फलाटावर उभे राहून ऐकली, त्यांना ही विसंगती लगेच जाणवते. आवाजाच्या ध्वनिमुद्रणाला परवानगी, साधने आणि वेळ लागतो. हौशी माणसाकडे यांपैकी शेवटची गोष्टच काय ती असते, आणि तीही रात्री. हे समजून घेतले तरी, समीक्षेने त्याला उणीवच म्हणावयास हवे.

अवलंबित्वाची दुसरी बाजू

त्रयस्थ संच कितीही सरस असला तरी तो दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलेला असतो. 'ट्रेन सिम्युलेटर'ची प्रणाली दीर्घकाळ ३२-बिट होती. अशा प्रणालीला चार गिगाबाइटपेक्षा अधिक स्मृती वापरता येत नाही. दाट झाडी, तपशीलवार स्थानके आणि समृद्ध आवाज यांचे त्रयस्थ संच एकत्र लावले की ही मर्यादा ओलांडली जाई आणि खेळ मध्येच बंद पडे. गुणवत्ता वाढविण्याच्या प्रयत्नातूनच खेळ कोसळण्याची ही अवस्था कोणताही त्रयस्थ निर्माता दूर करू शकत नव्हता. २०१८ मध्ये प्रकाशकाने ६४-बिट आवृत्ती दिली तेव्हा ही कोंडी फुटली.

यावरून अधिकृततेच्या मोहोरेचा खरा अर्थ उलगडतो. इंजिन प्रत्यक्षासारखे वागेल, अशी हमी ती देत नाही. संच मूळ प्रणालीशी जुळेल आणि प्रणाली बदलली तर कोणीतरी उत्तरदायी असेल, एवढेच ती सांगते. ही हमी क्षुल्लक नाही. फक्त तिला सत्यनिष्ठेची हमी समजण्याची गल्लत टाळावयास हवी.

मोहोर उठविणारा नाहीसा झाल्यावर

ही मर्यादित हमीदेखील कायमची नसते. मायक्रोसॉफ्टने आपल्या खेळाची दुसरी आवृत्ती प्रथम २००३ मध्ये जाहीर केली आणि गुंडाळली. २००७ मध्ये पुन्हा जाहीर केली, आणि जानेवारी २००९ मध्ये ती करणारा विभागच बंद केला. अधिकृत वारसा येथे संपला. त्रयस्थ वारसा संपला नाही. मूळ खेळातील इंजिनांच्या फाइली साध्या मजकुराच्या होत्या आणि मार्ग तयार करण्याचे साधन खेळासोबतच दिलेले होते. त्यामुळे उत्साही मंडळींनी प्रथम मूळ खेळातील दोष दूर करणारी अनधिकृत दुरुस्ती काढली, आणि पुढे 'ओपन रेल्स' ही स्वतंत्र, मुक्त-स्रोत प्रणालीच उभारली. तिची १.० आवृत्ती २०१४ मध्ये आली. जुन्या फाइली ती वाचते. शिवाय कर्षणशक्तीचे आणि ब्रेकचे अधिक काटेकोर गणित मांडण्याची सोय देते.

येथे गुणवत्तेचा आणखी एक निकष पुढे येतो, ज्याचा विचार ग्राहक खरेदीच्या वेळी करीत नाही : संच उघडून पाहता येतो का, आणि दुसऱ्याला तो दुरुस्त करता येतो का? या निकषावर 'ट्रेन सिम वर्ल्ड' उणा ठरतो. त्याचे दृश्यरूप आधीच्या कोणत्याही खेळाहून सरस आहे, पण त्याचे सार्वजनिक संपादन-साधन मिळाले ते २०२३ मध्ये. तोवर त्रयस्थ निर्मात्यांना मुख्यत्वे प्रकाशकाशी करार करूनच काम करता येत असे. स्कॉटलंडमधील रिव्हेट गेम्सने आइल ऑफ वाइट बेटावरील रेल्वेचा संच अशाच व्यवस्थेत काढला. असा संच अधिकृत म्हणावा की त्रयस्थ? ग्राहकाला तो प्रकाशकाच्याच दालनात, प्रकाशकाच्याच मालाशेजारी दिसतो. निर्मात्याचे नाव बारीक अक्षरांत असते. दोष निघाल्यास उत्तर कोणी द्यावयाचे हे मात्र तेथे लिहिलेले नसते.

'ओपन रेल्स'मध्ये सेटल–कार्लाइलचा २००१ चा मार्ग आजही चालतो, आणि 'फ्लाइंग स्कॉट्समन' आजही त्या परक्या चढावर गाडी ओढते. मात्र त्या मार्गाच्या फाइली मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या असल्यामुळे त्या 'ओपन रेल्स'सोबत वाटता येत नाहीत. बाजारातून केव्हाच नाहीशा झालेल्या मूळ चकत्या ज्याच्या कपाटात शिल्लक असतील, त्यालाच हा मार्ग रीतसर चालविता येतो.