‘एन्ग्रॉस्ड’ : अर्थ, उपयोजन आणि मराठी पर्यायांच्या मर्यादा

इंग्रजीतील मनाच्या गुंतलेपणाचे वाचक असलेले ‘एन्ग्रॉस्ड’, ‘अब्सॉर्ब्ड’ आणि ‘प्रीऑक्युपाइड’ हे तीन शब्द अध्यापनात व अनुवादात बहुधा समानार्थी मानले जातात आणि तिन्हींसाठी ‘मग्न’ हा एकच मराठी पर्याय योजला जातो. या सोयीमुळे अर्थाची कोणती हानी होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘एन्ग्रॉस’ या शब्दाचे मूळ व्यापारात आहे. फ्रेंचमधील ‘आँ ग्रो’ म्हणजे घाऊक प्रमाणात. बाजारातील सर्व माल एकट्याने खरेदी करून भाव वाढविणारा तो ‘एन्ग्रॉसर’. इंग्लंडमध्ये 1552 च्या कायद्याने अशा साठेबाजीस गुन्हा ठरविले होते. तो कायदा 1772 मध्ये रद्द झाला. किराणा व्यापाऱ्यास रूढ असलेला ‘ग्रोसर’ हा शब्दही याच मूळचा होय. पुढे मालाची जागा मनाने घेतली. एखादा विषय माणसाचे सारे अवधान घाऊक उचलतो आणि इतरांसाठी काही शिल्लक ठेवत नाही, असा या शब्दाचा आशय आहे. दस्तऐवजाची मोठ्या अक्षरांत पक्की प्रत करणे हा त्याचा दुसरा अर्थ. अमेरिकी काँग्रेसमध्ये एका सभागृहाने संमत केलेल्या विधेयकाच्या प्रतीस आजही ‘एन्ग्रॉस्ड’ म्हणतात.

‘अब्सॉर्ब’ च्या मुळाशी शोषून घेण्याची, तर ‘प्रीऑक्युपाय’ च्या मुळाशी आधीच ताबा घेण्याची कल्पना आहे. म्हणून ‘प्रीऑक्युपाइड’ व्यक्ती समोरच्या गोष्टीत गुंतलेली नसते. तिचे मन अन्यत्र अडकलेले असते. उपयोजनातही हा भेद दिसतो. पहिल्या दोन शब्दांपुढे सामान्यतः ‘इन’, तर तिसऱ्यापुढे ‘विथ’ हे शब्दयोगी अव्यय येते.

मराठी शब्दांनाही स्वतःची चित्रे आहेत. ‘मग्न’ मध्ये बुडणे आहे, ‘तल्लीन’ मध्ये विरून एकरूप होणे आहे, तर ‘गुंग’ मध्ये गुंगीची छटा आहे. कीर्तनात श्रोता तल्लीन होतो. तेथे ‘एन्ग्रॉस्ड’ मधील मक्तेदारीचा भाव आणणे विसंगत ठरेल. उलट, आईच्या दुखण्याची काळजी वाहणाऱ्या मुलीबद्दलच्या वाक्यात ‘प्रीऑक्युपाइड’ चा अनुवाद ‘ती आईच्या आजारपणात मग्न होती’ असा केल्यास काळजीचे रूपांतर आनंदात होते. वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध राहते. माणूस मात्र चुकीचा उभा राहतो.

अशा ठिकाणी ‘व्यग्र’ हा शब्द विचारार्ह ठरतो. ‘एकाग्र’ आणि ‘व्यग्र’ या दोहोंत ‘अग्र’ समान आहे. एकात मन एका टोकाशी स्थिर होते, दुसऱ्यात ते विखुरते. आजच्या मराठीत ‘व्यग्र’ चा अर्थ केवळ ‘कामात असलेला’ एवढाच उरत चालला आहे, ही खेदाची बाब होय. ‘एन्ग्रॉस्ड’ साठी मात्र ‘गढून गेलेला’ हा प्रयोग अधिक जवळचा आहे. विषयाकडे कर्तृत्व द्यावयाचे असल्यास ‘कादंबरीने त्याला खिळवून ठेवले’ अशी रचना योग्य ठरते.

सारांश, शब्दाला शब्द देणारी यादी पाठ करवून घेण्याऐवजी मन कोठे आहे, कोणी धरले आहे आणि ते सुखावले आहे की त्रासले आहे, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवणे आवश्यक आहे. त्यांच्या उत्तरांतूनच योग्य मराठी पर्याय हाती येतो.