साथीची स्मृती आणि ग्रामसंग्रहालय

ग्रामसंग्रहालयाचे मूल्य त्यातील वस्तूंच्या संख्येवर ठरत नाही. त्या वस्तूंमधून कोणाचा आवाज ऐकू येतो, यावर ते ठरते. साथीच्या स्मृतीस वाहिलेल्या संग्रहालयास तर ही कसोटी विशेषच लागू पडते.

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील एयम या खेड्यात असे एक संग्रहालय आहे. इ. स. १६६५-६६ मध्ये तेथे प्लेग शिरला. धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन व माजी धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली यांच्या सल्ल्याने ग्रामस्थांनी स्वतःस गावसीमेत कोंडून घेतले. सुमारे २६० माणसे दगावली, असे परंपरा मानते. परंतु या कथेस आज जे त्यागाचे तेज आहे, ते पुष्कळ अंशी उत्तरकालीन लेखकांनी चढविलेले आहे, असे पॅट्रिक वॉलिस यांनी २००६ साली एका लेखात दाखवून दिले. तात्पर्य, संग्रहालय ही एक संहिताच होय. आणि संहिता वाचताना निवेदकाचा काळ विसरून चालत नाही.

आपल्याकडील स्थिती काय आहे? सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईतील मांडवी भागात प्लेगचे निदान केले. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच वर्षी साथरोगाचा कायदा झाला. १० मार्च रोजी पुण्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले निवर्तल्या. २२ जून रोजी चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. ग्रंथांतील हा इतिहास वैद्यांचा, अधिकाऱ्यांचा व वीरांचा आहे. सामान्यांची साक्ष शोधावयाची, तर वांद्र्याच्या गावठाणांत प्लेगच्या दिवसांत उभारलेल्या क्रुसांपाशी जावे लागते.

दुसरी साक्ष भाषेची. ‘देवी’ या एकाच शब्दाने मराठीत रोगही दर्शविला जातो, आणि ‘देवी काढणे’ या प्रयोगात त्यावरील प्रतिबंधही. ‘पटकी’ व ‘मरी’ शिव्याशापांत शिल्लक उरल्या. प्लेगसाठी योजलेले ‘ग्रंथिक सन्निपात’ हे पंडिती नाव मात्र लोकांच्या तोंडी बसले नाही. ‘प्लेग’ हा परका शब्दच रुळला. ज्या रोगाबरोबर घरझडती व सक्तीचे विलगीकरण आले, त्याचे नाव परकेच राहावे, यात माझ्या मते अर्थ आहे.

१९५७ साली बृहन्मुंबईत आलेल्या मुलुंडसारख्या उपनगराच्या गावठाणात उद्या असे संग्रहालय उभे राहिले, तर त्याने थोर पुरुषांच्या तसबिरींनी आरंभ करू नये. मृत्युनोंदीतील नावे, घरोघरी ऐकलेले शब्द, आणि प्रत्येक कथेपुढे ती कोणी, केव्हा सांगितली याची नोंद, एवढे त्याने प्रथम मिळवावे. आजीआजोबांकडून या आठवणी ऐकलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. इमारत पुढेही बांधता येईल. शब्दांची नोंद मात्र आजच व्हावयास हवी.