चीनच्या पडद्यावरून हरवलेली भुतं

बीजिंगच्या रंगमंचावर १९६१ साली ‘ली हुईन्यांग’ हे नाटक आलं. खुनछ्यू ही चीनमधली जुनी, संथ, नजाकतीची गायननाट्याची शैली. मिंग काळातल्या एका नाटकावरून मंग छाव यांनी तिच्यासाठी नवी संहिता लिहिली होती. गोष्ट आहे दक्षिण सोंग राजवटीतल्या जिया सदाव या सत्तांध मंत्र्याची. हांगचौच्या पश्चिम सरोवरावर त्याची एक उपपत्नी एका तरुण विद्वानाकडे पाहून कौतुकाचे दोन शब्द बोलते आणि तेवढ्यावरून मंत्री तिला ठार करतो. ती भूत होऊन परत येते, त्या तरुणाचा जीव वाचवते आणि मंत्र्यापुढं जाब मागत उभी राहते. नाटकाचं स्वागत जोरात झालं. ल्याव मोशा या लेखकानं, असं भूत रंगमंचावर आल्यानं कुणाचं काही बिघडत नाही, असा लेखही लिहिला. दोनच वर्षांत वारं फिरलं. १९६३ मध्ये नाटकावर टीकेची झोड उठली आणि भुतांच्या नाटकांवर बंदी आली. पुढं सांस्कृतिक क्रांतीत ल्याव तुरुंगात गेले. मंग छाव यांचा अतोनात छळ झाला आणि १९७६ मध्ये ते वारले.

त्याच १९६१ साली सरकारी प्रकाशनगृहानं ‘भुतांना न भिण्याच्या गोष्टी’ या नावानं जुन्या कथांचा एक संग्रह काढला होता आणि माओंनी त्याच्या प्रस्तावनेत जातीनं लक्ष घातलं होतं. तिथं भूत म्हणजे साम्राज्यवादी आणि प्रतिगामी. म्हणजे माणसानं हरवायचं भूत चालत होतं, माणसाला जाब विचारणारं चालत नव्हतं. चिनी राक्षस-भुतांच्या कलेचं आज काय झालं आहे, हे समजायला ही दोन उदाहरणं मला फार महत्त्वाची वाटतात.

वरवर पाहता आज या कलेची चांदी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ‘ब्लॅक मिथ : वुकोंग’ या व्हिडिओ गेमच्या पहिल्या तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या. जानेवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘नेझा २’ या ॲनिमेशनपटानं पंधरा अब्ज युआनच्या वर कमाई केली. जगातल्या कुठल्याही ॲनिमेशनपटाला तोवर एवढं यश मिळालं नव्हतं. पण या गर्दीत नीट पाहिलं, तर सगळे ‘याओ’ दिसतात, ‘गुई’ जवळजवळ नाहीतच. चिनी कथेत हा भेद मुळातला आहे. कोल्हा, साप, झाड, दगड, जुनी केरसुणीसुद्धा शेकडो वर्षांच्या साधनेनं मायावी रूप घेते, ती याओ. गुई म्हणजे मेलेला माणूस. याओला भूक असते, हाव असते, प्रेमही असतं. गुईची बहुधा तक्रार असते. चिनी परंपरेत भूत हा फिर्यादी आहे आणि आज चीनच्या मुख्य भूमीवरच्या पडद्यावरून हा फिर्यादीच नाहीसा झाला आहे.

जुन्या ग्रंथांकडे वळलं की तुटीची खोली कळते. ‘शान हाय चिंग’ म्हणजे पर्वत आणि समुद्रांचा ग्रंथ. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या सुमारापासून काही शतकं त्यात भर पडत गेली. त्यात दीज्यांग नावाचा जीव आहे : पिवळ्या पोत्यासारखा, आगीसारखा लालभडक, सहा पाय, चार पंख आणि चेहराच नाही. आणि त्याला नाचगाणं कळतं! तो असा का, कुणी शाप दिला, याचं एका शब्दानंही स्पष्टीकरण नाही. ग्रंथ लगेच पुढच्या डोंगराकडे जातो. विचित्राला विचित्रच राहू देण्याचा हा धीर थोर आहे. कन्फ्यूशियसनं अद्भुत गोष्टी आणि देवभुतं यांविषयी बोलणं टाळलं, अशी नोंद आहे. चिनी लेखक मात्र दोन हजार वर्षं त्याविषयीच लिहीत राहिले. अठराव्या शतकात युआन मेई यानं तर आपल्या भूतकथांच्या संग्रहाला ‘गुरुजी ज्याविषयी बोलले नाहीत ते’ असंच नाव देऊन टाकलं.

चौथ्या शतकातल्या कान पाओच्या संग्रहात सोंग दिंगबोची गोष्ट आहे. रात्री वाटेत त्याला भूत भेटतं. ‘मीही भूतच, नुकताच मेलोय’ असं सांगून तो त्याच्याबरोबर चालतो. एकमेकांना आळीपाळीनं पाठुंगळीला घेतात, तेव्हा भुताला वजनच नाही हे त्याला कळतं. भुतांना कशाचं भय असतं, हेही तो त्यालाच विचारून घेतो. माणसाच्या थुंकीचं, असं उत्तर मिळतं. पहाटे बाजारात भूत मेंढी होतं. दिंगबो तिच्यावर थुंकतो, म्हणजे तिला पुन्हा रूप पालटता येऊ नये, आणि दीड हजार नाण्यांना विकून मोकळा होतो. १९६१ च्या संग्रहात ही कथा धैर्याचा धडा म्हणून घेतली होती. मला ती वाचताना दरवेळी त्या भुताचीच कणव येते. सोबत मिळाली म्हणून ते विश्वासानं चाललं होतं.

या परंपरेचा कळस पू सोंगलिंग (१६४०–१७१५). शानतोंग प्रांतातला हा शिक्षक वरच्या सरकारी परीक्षांमध्ये आयुष्यभर नापास होत राहिला, दुसऱ्यांच्या घरी मुलांना शिकवत राहिला आणि त्यानं जवळपास पाचशे कथा लिहिल्या. ‘ल्याओचाय’ या नावानं ओळखला जाणारा हा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर अर्धशतकानं, १७६६ मध्ये छापला गेला. त्यातली सुंदर कोल्हिणींची प्रेमं जगभर गाजली. माझ्या मते त्याची खरी ताकद ‘शी फांगपिंग’सारख्या कथेत आहे. बापाच्या एका मृत शत्रूनं यमलोकातल्या शिपायांना लाच चारून बापाला मरणाच्या दारी छळलं, म्हणून मुलाचा आत्मा देह सोडून परलोकात फिर्याद घेऊन जातो. नगरदेवता ऐकत नाही, तिच्या वरचा अधिकारी ऐकत नाही. खुद्द यमराजही विकला गेलेला! तापलेल्या लोखंडी पलंगावर मुलाला भाजतात, करवतीनं उभा चिरतात. करवत चालवणाऱ्या दोघांपैकी एकाला त्याची दया येते आणि काळजाला धक्का लागू नये म्हणून तो करवत जराशी वाकडी नेतो. तक्रार मागं घेतो असं वरकरणी कबूल करून मुलगा सुटतो आणि पुन्हा वर दाद मागायला जातो, शेवटी एर्लांग देवाकडून न्याय मिळवतो. छिंग राजवटीतल्या कचेऱ्यांचं याहून धारदार चित्र मला दुसरीकडे आढळलेलं नाही. यमाचा दरबार चीनमध्ये बौद्ध धर्माबरोबर आपल्याकडून गेला. तिथल्या लेखकानं त्याला थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं.

आता ‘रंगवलेली कातडी’ ही पूची दुसरी कथा आणि तिच्यावरचा २००८ सालचा गॉर्डन चॅन यांचा चित्रपट शेजारी ठेवा. कथेत वांग नावाचा गृहस्थ वाटेत भेटलेल्या तरुणीला घरात लपवतो. एके दिवशी खिडकीतून पाहतो, तर हिरव्या तोंडाचं, करवतीसारख्या दातांचं भूत माणसाची कातडी पसरून तिच्यावर कुंचल्यानं रंग भरत बसलं आहे. ते त्याचं काळीज काढून नेतं. तो जिवंत व्हावा म्हणून त्याच्या बायकोला भर बाजारात एका वेड्या भिकाऱ्याचा बेडका गिळावा लागतो. नवऱ्याच्या वासनेची किंमत बायकोनं अशी मोजली, यात कथेचा सगळा जळजळीतपणा आहे. चित्रपटात भूत गेलं आणि कोल्हीण आली. एका सेनापतीसाठी झुरणारी, सुंदर, समजून घेण्याजोगी. किळस गेली, त्याबरोबर आरोपही गेला. उरला तो प्रेमाचा त्रिकोण.

२०११ मध्ये नव्यानं केलेल्या ‘अ चायनीज घोस्ट स्टोरी’तही हेच घडलं. १९८७ च्या हाँगकाँगच्या मूळ चित्रपटात न्ये शाओछ्यान हे परक्या सत्तेखाली अडकलेलं, सुटका मागणारं भूत होतं. नव्यात तिची याओ झाली. मुख्य भूमीवरचे चित्रपटनियम अंधश्रद्धेच्या प्रचाराला मनाई करतात. त्यामुळं तिथल्या भयपटांत भूत शेवटी बहुधा स्वप्न, मनोविकार किंवा खलनायकाचं सोंग निघतं. प्राचीन काळातल्या कोल्ह्यासापांना मात्र पुराणकथा म्हणून वाट मिळते.

म्हणून याओच्या कथा हलक्या, असं मला म्हणायचं नाही. सोळाव्या शतकातली ‘पश्चिमेचा प्रवास’ ही कादंबरी पाहा. तिच्यामागं सातव्या शतकातला युआन श्वांग या भिक्षूचा खरा प्रवास आहे. आपल्या पुलकेशी दुसऱ्याच्या महाराष्ट्राचं वर्णन करणारा तोच. कादंबरीत त्याला खायला टपलेले कितीतरी राक्षस हे स्वर्गातून पळालेले देवांचे बैल, सिंह, तळ्यातले मासे आहेत. भिक्षूचा माकड शिष्य सुन वुकोंग त्यांना मारायला सोटा उगारतो, तेवढ्यात मालक देव येतो आणि आपला प्राणी घेऊन जातो. ज्याचा वर कुणी वाली नाही, तो जागीच मरतो. शुभ्र अस्थींची राक्षसीण अशीच मेली. चिनी वाचकांनी या भेदभावातून फार काही ओळखलं आहे.

तोच धागा आज पकडला तो शांघाय ॲनिमेशन स्टुडिओच्या २०२३ मधल्या ‘याओ-चायनीज फोकटेल्स’ या मालिकेनं. तिच्या पहिल्या भागाचा नायक लांगलांग डोंगरावरचा एक डुकराचा पोर आहे, राक्षसांच्या सैन्यातला अगदी शेवटच्या पायरीवरचा. त्याचा साहेब भिक्षूला शिजवण्याची तयारी करतो आहे आणि या पोराला आपल्याच राठ केसांनी कढई घासावी लागते. घरी आई त्याला पाणी पीत जा म्हणते. आठ भागांच्या त्या मालिकेतला हा छोटा भाग मला ‘नेझा २’च्या सगळ्या युद्धांहून मोठा वाटतो. ‘नेझा २’मध्येही, पावित्र्याचा टेंभा मिरवणारे सिद्ध गरीब प्राण्यांना वितळवून गोळ्या करतात, ही फार धाडसाची कल्पना आहे. पण लांबलचक संग्राम तिला गिळून टाकतो.

‘ब्लॅक मिथ’चं वेगळं. शानशी प्रांतातल्या जुन्या देवळांची, मूर्तींची बारकाईनं मापं घेऊन त्याचं जग उभारलं आहे. मुंडकं नसलेला एक वादक वाळवंटात तंतुवाद्य घेऊन उत्तर शान्शीच्या, म्हणजे शियान ज्या प्रांतात आहे तिथल्या, लोकगायकीत गातो. ते दृश्य ‘शान हाय चिंग’मध्ये शोभेल असं आहे. शिवाय खेळातल्या प्रत्येक राक्षसाची एक छोटी गोष्ट चित्रासोबत वाचायला मिळते. त्यांतल्या कित्येक पूच्या परंपरेतल्या आहेत. दुर्दैव असं, की खेळणारा बहुतेक वेळ सोटा फिरवत असतो.

भूत आज काय करू शकतं, ते तैवाननं दाखवलं. ‘डिटेन्शन’ हा २०१७ चा खेळ आणि त्यावरचा २०१९ चा चित्रपट लष्करी कायद्याच्या काळातल्या एका शाळेत घडतो. बंदी असलेली पुस्तकं चोरून वाचणाऱ्यांची चुगली करून त्यांना संपवणारी मुलगीच तिथं भूत होऊन भटकते आहे. स्वतःनं काय केलं, हे आठवायला ती तयार नाही. फिर्यादी आणि आरोपी एकाच देहात! पूनं हे वाचलं असतं, तर त्याला आपला वारस ओळखता आला असता.

चिनी लेखक लू शुन यांनी मृत्यूच्या महिनाभर आधी, सप्टेंबर १९३६ मध्ये, आपल्या शाओशिंग गावच्या नाटकातल्या फाशी घेतलेल्या बाईच्या भुतावर लेख लिहिला. लाल कपड्यांतलं, सूड घ्यायला आलेलं ते भूत त्यांना इतर सगळ्या भुतांहून सुंदर आणि बलवान वाटत होतं. चीनमधल्या आजच्या कलावंतांकडं तंत्र आहे, पैसा आहे, अफाट प्रेक्षक आहे. पण त्या लाल कपड्यांतल्या बाईला जोवर पडद्यावर जागा मिळत नाही, तोवर ही कला अर्धीच आहे, असं माझं मत आहे. मराठी वाचकानं चिनी राक्षसांची ओळख गेमपासून किंवा ‘नेझा’पासून करून घ्यायला हरकत नाही. त्यानंतर मात्र ‘ल्याओचाय’ हाती घ्यावा आणि सुरुवात ‘शी फांगपिंग’पासून करावी.