आकाशवाणीवरील मैफल आणि तिचा श्रोता : गीतरामायणाच्या निमित्ताने

मराठी समीक्षेने नाट्यसंगीताचा विचार पुष्कळ केला आहे, भावगीताचाही बऱ्यापैकी केला आहे. परंतु या दोहोंना घराघरांत पोहोचविणाऱ्या आकाशवाणीवरील गायनाकडे स्वतंत्र प्रयोगरूप म्हणून पाहण्याचे काम फारसे झालेले दिसत नाही. आकाशवाणीचा उल्लेख येतो तो बहुधा आठवणींच्या पुस्तकांत. समीक्षेत तो आला तरी माध्यम म्हणून, म्हणजे कलाकृती वाहून नेणारी एक नळी म्हणून येतो. प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी करावयाची आहे. ध्वनिक्षेपकासमोर, ठरलेल्या वेळेत, न दिसणाऱ्या श्रोत्यासाठी केलेले गायन हे बैठकीतील गायनाहून वेगळे असते, आणि हे वेगळेपण कलाकृतीच्या अर्थापर्यंत पोहोचते, असे येथे म्हणावयाचे आहे.

गोराई परिसरात राहून हा विषय सुचावा यात नवल नाही. विविध भारतीचे केंद्र बोरिवली पश्चिमेस गोराई रस्त्यावरच आहे आणि मुंबई आकाशवाणीचे मध्यम लहरींचे प्रक्षेपण दक्षिणेकडील मालाडच्या मालवणी भागातून होत आले आहे. येथल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना या वास्तू केवळ बसच्या थांब्यावरून माहीत असतात, हा भाग वेगळा.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्यानंतरच्या पाव शतकात रेडिओवर गाणे म्हणजे बव्हंशी थेटच गाणे होते. कलावंताने स्टुडिओत यावे, लाल दिवा लागला की गावे, दिवा विझला की थांबावे. चुकीला दुरुस्ती नव्हती. १९५२ साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि शनिवारी रात्री दीड तास एकाच कलावंताला मिळू लागला. १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलने भरू लागली. त्यांत निमंत्रित श्रोत्यांसमोर मैफल होई आणि तीच देशभर ऐकविली जाई. या दोन्ही उपक्रमांमागे तत्कालीन नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांची दृष्टी होती. याच दृष्टीतून चित्रपटगीतांची अडवणूक झाली, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि अखेर १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली, हे सर्वश्रुत आहे. केसकरांवर टीका करणे सोपे आहे व ती करावयासही हवी. तथापि तीन मिनिटांच्या तबकडीने ज्या गायकीचा श्वास तोडला होता तिला दीड तासाचा अवकाश याच धोरणाने दिला, हेही नोंदविले पाहिजे.

तबकडी आणि राष्ट्रीय कार्यक्रम यांच्या मधोमध आकाशवाणीचा एक नेहमीचा आकार होता, तो अर्ध्या तासाचा. हा आकार सर्वांना सारखा मानवला नाही. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे गाणे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. जयपूर घराण्याची मध्यलयीकडे झुकणारी चाल, पहिल्या आवर्तनापासून रागाच्या गाभ्यात शिरण्याची सवय, बंदिशीच्या अंगाने होणारी बढत यांमुळे त्यांचा अनवट राग पंचवीस मिनिटांत पुरा उभा राहतो, त्यात घाई कुठे जाणवत नाही. याउलट ज्यांच्या गायकीचा जीव अतिविलंबित आलापीत आहे अशा गायकांना घड्याळ काचते. षड्ज स्थिरावतो न स्थिरावतो तोच द्रुताकडे वळावे लागते. त्यामुळे रेडिओवरील गाणे ऐकून कलावंताचे मोल ठरविताना हा आकार हिशेबात धरणे अगत्याचे आहे. भीमसेन जोशी यांनी १९४० च्या दशकात मुंबई रेडिओवर गायक म्हणून काही काळ काढला होता. पुढच्या आयुष्यात अर्ध्या तासात आणि तीन तासांत तोच राग सारख्याच भरीवपणे मांडण्याची जी हातोटी त्यांच्याकडे दिसते, तिच्या घडणीत या शिस्तीचा वाटा असावा असे मला वाटते.

आता गीतरामायणाकडे वळू. कारण आकाशवाणीवरील आवडते गाणे कोणते, असे मराठी माणसाला विचारले तर उत्तर बहुधा येथेच येऊन थांबते.

पुणे केंद्राची स्थापना २ ऑक्टोबर १९५३ ची. केंद्र दोन वर्षांचेही झाले नव्हते तेव्हा, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला गीतरामायणाचे पहिले गीत प्रक्षेपित झाले. सीताकांत लाड यांची कल्पना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत. आठवड्याला एक गीत या क्रमाने पुढील रामनवमीस, १९ एप्रिल १९५६ रोजी, ते पूर्ण झाले. वर्षाची म्हणून बावन्न गीते योजिली होती, पण त्या वर्षी अधिक मास आला आणि गीते छप्पन्न झाली. पंचांगाने काव्याची लांबी ठरवावी ही गोष्ट आधुनिक मराठी कवितेत विरळाच. १९५७ मध्ये केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने ती पुस्तकरूपात आणली, आणि त्या दिवसापासून समीक्षेच्या लेखी गीतरामायण हे छप्पन्न कवितांचे पुस्तक झाले.

येथेच अडचण सुरू होते. पुस्तक म्हणून वाचले असता त्याच्या रचनेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट सहज नजरेआड होते. पहिल्या गीतात कुश व लव हे रामाच्या सभेत रामायण गात आहेत आणि राम स्वतः ते ऐकत आहे. शेवटच्या, छप्पन्नाव्या गीतात वाल्मीकी त्या दोघांना सभेत जाऊन कसे गावे याचा उपदेश करतात. म्हणजे संपूर्ण काव्य एका मैफलीच्या चौकटीत बसविलेले आहे, आणि शेवट पुन्हा आरंभाशी येऊन मिळतो. ही चौकट वाल्मीकींचीच आहे, हे खरे. माडगूळकरांनी ती रेडिओसाठी वापरली यात त्यांची प्रयोगदृष्टी दिसते. भूपातील त्या पहिल्या गीतानंतर घरात बसून ऐकणारा माणूस नकळत रामाच्या आसनावर जाऊन बसतो. सभेत रामाला गाणाऱ्यांची ओळख नाही. ते आपले पुत्र आहेत हे त्याला ठाऊक नाही. रेडिओवर हे नाते उलटे होते. गायकाचे नाव निवेदक सांगतो, श्रोता मात्र गायकास कायमचा अनोळखी राहतो. ओळख नसलेल्यांमधील ही जवळीक सभागृहात निर्माण करता येत नाही. लोक त्या काळी रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत असे सांगितले जाते. त्याकडे केवळ भाबडी भक्ती म्हणून पाहण्यापेक्षा या चौकटीला मिळालेला प्रतिसाद म्हणून पाहणे अधिक उद्बोधक ठरेल.

दुसरी बाब आवाजांची. मूळ प्रक्षेपणात पात्रांप्रमाणे गायक वेगवेगळे होते. रामाची गीते फडके यांनी, सीतेची माणिक वर्मा यांनी गायिली. वनात सोडून दिलेल्या सीतेच्या शोकाला लता मंगेशकरांचा आवाज लाभला. वसंतराव देशपांडे, ललिता फडके, मालती पांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर असे अनेक गायक-गायिका या वर्षभरात आले. आज मात्र गीतरामायण म्हटले की कानांत येतो तो एकट्या सुधीर फडके यांचा आवाज. त्यांनी रंगमंचावर केलेले असंख्य प्रयोग आणि त्यांच्या एकट्याच्या आवाजातील ध्वनिमुद्रिका यांनी मूळ प्रक्षेपण जवळजवळ झाकून टाकले आहे. आपण ज्याला एकच कलाकृती समजतो त्या वस्तुतः दोन आहेत, आणि त्यांत गुणभेद आहे.

रंगमंचावरील फडके हे हरिदासाच्या परंपरेतील आहेत. नारदीय कीर्तनात एकच माणूस दशरथ होतो, कैकेयी होतो आणि क्षणात बाजूला सरून निवेदकही होतो. फडके पेटी घेऊन बसत, प्रसंग सांगत, मग गीत गात. (मूळ प्रक्षेपणाच्या काळात आकाशवाणीच्या धोरणात पेटीला थारा नव्हता. १९४० पासूनची ती बंदी १९७० च्या दशकाच्या आरंभी सैल झाली. आपल्या नाट्यसंगीताचा प्राण असलेल्या वाद्याला तीस वर्षे दाराबाहेर ठेवण्याचा हा हट्ट कलेच्या दृष्टीने असमर्थनीयच होता, जरी त्यामुळे गजाननराव जोशी यांच्यासारख्यांच्या व्हायोलिनला अधिक वाव मिळाला असला तरी.) कीर्तनाच्या अंगाने पाहता फडके यांच्या प्रयोगाचा सर्वोच्च बिंदू म्हणजे भरतभेटीच्या वेळी राम भरताला जे सांगतो ते गीत. यमनकल्याणाच्या अंगाने जाणारी ही दीर्घ रचना कडव्यामागून कडवे एकाच चालीवर पुढे सरकते. कागदावर ती उपदेशपर आणि काहीशी एकसुरी वाटते. समोर श्रोते असताना फडके त्याच ओळीला प्रत्येक वेळी शब्दाचा वेगळा दाब देतात, एखाद्या शब्दावर किंचित रेंगाळतात, आणि उपदेशाचे सांत्वन होते. सांत्वन करणाऱ्यालाच सांत्वनाची गरज आहे, हे त्या आवाजातील कातरतेतून कळते. हे गीत मला रंगमंचावरचेच अधिक मोलाचे वाटते.

स्त्रीपात्रांच्या गीतांबाबत मात्र माझे मत नेमके उलट आहे. कौसल्येचा आक्रोश असो वा सीतेचा प्रश्न असो, फडके यांच्या मुखातून ती कथनाची गीते होतात. कोणीतरी आपल्याला सीतेविषयी सांगत आहे असे वाटते. माणिक वर्मा गातात तेव्हा सीता बोलत असते. त्यांच्या आवाजात किराण्याचा सुरेलपणा आहे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे रडवेपणा नाही. वनवासाला निघालेल्या रामाशी वाद घालणारी सीता ही विनवणारी स्त्री नसून हक्क सांगणारी स्त्री आहे, हे माडगूळकरांच्या शब्दांत आहेच. ते ऐकू येते माणिकबाईंच्या ठाशीव शब्दफेकीत. एकल गायनात हा ताण विरघळतो आणि सगळे काव्य रामाच्या समंजस, उदात्त सुरात रंगून जाते. उत्तरकांडाच्या गीतांत याची किंमत मोजावी लागते. राम श्रोता म्हणून बसलेला आहे ही पहिल्या गीतातील चौकट आठवावी. त्याच्यासमोर त्यानेच टाकलेल्या पत्नीचा शोक गायिला जातो आहे. तो शोक स्त्रीच्या आवाजात आला तर ऐकणाऱ्यावर आरोप होतो. रामाची गीते गाणाऱ्याच आवाजात आला तर पश्चात्ताप होतो. दोन्ही अर्थ काव्यात शक्य आहेत, परंतु ते एक नव्हेत, आणि कोणता अर्थ पुढच्या पिढ्यांना मिळाला हे ध्वनिमुद्रिकांच्या बाजारपेठेने ठरविले. काव्याच्या समीक्षकांना या निवडीची दखल घ्यावीशी वाटली नाही, याचे आश्चर्य वाटते.

अध्यापनाच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. पदवीच्या वर्गात गीतरामायणातील एखादे गीत शिकविताना आपण वृत्त, अलंकार, करुणरस एवढे सांगून थांबतो. गीत कोणी कोणासमोर गायिले हे पाठ्यपुस्तकात नसते. दोन्ही ध्वनिमुद्रणे वर्गात लागोपाठ ऐकवावीत आणि मग पाठ उघडावा, असे माझे मत आहे. त्यासाठी मूळ मुद्रण हाताशी हवे, आणि ते निवेदकाच्या उद्घोषणेसकट, गायकाच्या नावासकट हवे. संग्रहित मुद्रणातून उद्घोषणा, टाळ्या, तंबोऱ्याचे जुळवणे हे अनावश्यक म्हणून छाटले गेले तर मैफल जाऊन केवळ गाणे उरते.

शेवटी, आकाशवाणीच्या मैफलीत जे मुळातच मावले नाही त्याविषयी. निमंत्रित श्रोते एका बाजूला आणि कलावंत दुसऱ्या बाजूला ही संमेलनांची मांडणी अभिजात संगीतासाठी ठीक होती. लोकसंगीतासाठी आकाशवाणीवर वेगळे कार्यक्रम होते आणि त्यांनी पुष्कळ काम केले. परंतु गोराईच्या ईस्ट इंडियन समाजात लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचे पाणी आणायला निघतात तेव्हा घुमटाच्या ठेक्यावर जी गाणी होतात, त्यांत गाणारे कोण आणि ऐकणारे कोण हे सांगता येत नाही. नवरीची मावशी एक ओळ टाकते, पाठीमागची बाई ती फिरवते, कोणी मध्येच चेष्टेची नवी ओळ जोडते. अशा गाण्यातून दोघीतिघींना निवडून स्टुडिओत बसविले की ओळी त्याच राहतात, पण ओळ टाकण्यापूर्वी कोणाकडे पाहायचे हा प्रश्न त्या बायांपुढे उभा राहतो. ज्या रामाच्या सभेवर गीतरामायणाची चौकट उभी आहे, तीत असा प्रश्न नव्हता. तेथे ऐकणारा कोण हे पक्के ठरलेले होते.