ऋणानुबंधाचे कुटुंब : 'फॅन्टास्टिक फोर'चा कथारूपबंध

अमेरिकन चित्रकथांच्या इतिहासात 'फॅन्टास्टिक फोर' या मालिकेचा उल्लेख आला की 'महानायकांचे कुटुंब' हे विशेषण आपोआप जोडले जाते. ते चुकीचे नाही. परंतु सततच्या वापराने त्यातील प्रश्न झिजून गेला आहे. या चौघांत रक्ताचे नाते केवळ एकच : स्यू स्टॉर्म आणि जॉनी स्टॉर्म ही बहीणभावंडे. रीड रिचर्ड्स हा प्रारंभी स्यूचा नियोजित वर, आणि बेन ग्रिम हा रीडचा महाविद्यालयीन मित्र. मग या गटास कुटुंब म्हणण्याचा आधार कोणता? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, येथे कुटुंब सिद्ध होते ते प्रेमापेक्षा न फिटणाऱ्या ऋणाच्या बळावर. आणि हे ऋण न फिटणे ही या मालिकेच्या क्रमशः स्वरूपाची गरजही आहे.

स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांच्या या मालिकेच्या पहिल्या अंकावर नोव्हेंबर १९६१ ही तारीख आहे. प्रतिस्पर्धी प्रकाशनसंस्थेच्या 'जस्टिस लीग ऑफ अमेरिका'ला मिळालेले यश ही तिच्यामागची व्यावसायिक प्रेरणा होती. तथापि दोन्ही समूहांची घडण भिन्न आहे. 'जस्टिस लीग' ही एक सभा आहे. तिच्या प्रमुख सदस्यांना स्वतंत्र नगरे आणि स्वतंत्र कथा आहेत, ते कार्यापुरते एकत्र येतात आणि कार्य संपताच पांगतात. 'फॅन्टास्टिक फोर'मधील पात्रांना पांगण्यासाठी दुसरे घर नाही. त्यांना गुप्त ओळखही नाही. पहिल्या दोन अंकांत गणवेश नाही. गणवेश आणि बॅक्स्टर बिल्डिंग हे निवासस्थान, दोन्ही तिसऱ्या अंकात येतात. मुखवटा नसल्याने घर आणि चौक यांच्यामधला पडदाच उरत नाही. घरातला रुसवा रस्त्यावर दिसतो, आणि नवव्या अंकात रीडचे पैसे शेअर बाजारात बुडाले की संपूर्ण बिऱ्हाडच अडचणीत येते.

उगमकथा या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखी आहे. रीडने आखलेल्या अवकाशयानाच्या उड्डाणास बेनचा विरोध असतो. वैश्विक किरणांचा धोका पुरेसा अभ्यासला गेलेला नाही, असे तो सांगतो. स्यू त्याच्या धैर्याविषयी शंका घेते आणि कम्युनिस्टांच्या आधी पोहोचण्याची निकड पुढे करते. युरी गागारिनचे उड्डाण एप्रिल १९६१ मधले. त्या वर्षीच्या वाचकास हा युक्तिवाद परका वाटण्याचे कारण नव्हते. टोमणा जिव्हारी लागून बेन यान चालवण्यास तयार होतो. परिणाम सर्वांवर होतो, पण समान होत नाही. रीड ताणला जातो, स्यू अदृश्य होते, जॉनी पेटतो. तिघेही मूळ रूपात परतू शकतात. ज्याने धोक्याची सूचना दिली होती, तो बेन मात्र दगडासारख्या देहात अडकून पडतो. रूपांतर होताच तो रीडवर धावून जातो आणि स्यूने चुकीच्या पुरुषावर प्रेम केल्याचे सिद्ध करू पाहतो. या कुटुंबाचा जन्म असा अपराध, मत्सर आणि अपमान यांच्या संगमावर झालेला आहे. हात एकमेकांवर ठेवून घेतलेली शपथ त्यानंतरची आहे.

यानंतर रीड वारंवार बेनवर उपचार शोधतो आणि वारंवार अपयशी ठरतो. ही पुनरावृत्ती केवळ व्यावसायिक सोय मानून सोडून देता येत नाही. ऋण फिटले तर बेनला तेथे राहण्याचे कारण उरणार नाही. फिटण्याची आशा संपली तर सहवास असह्य होईल. या दोन टोकांच्या मधल्या अवकाशात मालिका चालते. आठव्या अंकात येणारी अंध शिल्पकार अॅलिशिया मास्टर्स हा पेच आणखी गहिरा करते. ती 'थिंग'वर प्रेम करते की आतल्या बेनवर, या शंकेने उपचार हाच धोका ठरतो. जून १९६६ च्या ५१व्या अंकात बेनचे रूप चोरून रीडचा घात करण्यास आलेला एक अनामिक शास्त्रज्ञ या घरातले परस्परविश्वासाचे वर्तन पाहतो आणि अखेर रीडला वाचवताना स्वतः नष्ट होतो. त्याच वेळी मानवी रूपात अॅलिशियाच्या दाराशी पोहोचलेला बेन पुन्हा दगड होतो. परक्याला जे नाते क्षणात उमगते, त्याची किंमत मात्र घरातला माणूसच मोजतो.

क्रमशः कथनाच्या काळाचा प्रश्न येथे उपस्थित होतो. उम्बेर्तो एको यांनी १९६२ च्या सुपरमॅनविषयक निबंधात असे दाखवले की, असा नायक विवाहासारखी कृती करील तर तो मृत्यूच्या दिशेने एक पाऊल टाकील. म्हणून त्याची कथा काळ खर्च होऊ देत नाही. 'फॅन्टास्टिक फोर' या सिद्धान्तास आव्हान देते. १९६५ च्या वार्षिकांकात रीड आणि स्यू यांचा विवाह होतो, १९६८ च्या वार्षिकांकात फ्रँकलिनचा जन्म. टोमास मान यांच्या 'बुडेनब्रोक्स'सारख्या (१९०१) कुटुंबकादंबरीत पिढ्यांचा क्रम हीच कथेची गती असते. ती गती येथे क्षणभर सुरू झाल्यासारखी वाटते. परंतु त्यानंतर कित्येक दशके फ्रँकलिन बालकच राहतो. एको यांचा सिद्धान्त मोडत नाही, त्याचे क्षेत्र बदलते : काळ विवाहाशी न थांबता पाळण्याशी थांबतो. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठी वाचकास परिचित झालेल्या वेताळाशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. वेताळाचे घराणे आहे. पित्याचा मुखवटा पुत्र धारण करतो आणि मृत्यू परंपरेत सामावतो. 'फॅन्टास्टिक फोर'ला कुटुंब आहे, घराणे नाही.

या रचनेत स्यूचे स्थान सर्वांत सूचक आहे. मराठीत 'कुटुंब' हा शब्द एके काळी पत्नीसाठीही रूढ होता; घर जिच्यावर उभे, तिचे स्वतंत्र नाव त्या शब्दात लोपत असे. स्यूची शक्तीच अदृश्यतेची. तिचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या वाचकपत्रांचा समाचार अकराव्या अंकात खुद्द पात्रेच घेतात. पण स्यूचा बचाव करताना रीड लिंकनच्या मातेचा दाखला देतो. कर्तृत्वाऐवजी प्रेरणेचे श्रेय देणारा हा बचाव आक्षेपाइतकाच बोलका आहे. बाविसाव्या अंकात तिला संरक्षक कवचाची शक्ती मिळते. 'गर्ल'ची 'वुमन' होण्यास मात्र जॉन बर्न यांच्या लेखन-चित्रणाच्या काळातले १९८५ साल उजाडावे लागते.

ऋणाचे हे सूत्र संहितेबाहेरही जाते. कर्बी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या वस्तीतल्या ज्यू कुटुंबात जन्मले. बेनचा यान्सी स्ट्रीट त्याच परिसराची आठवण देतो. बेनचे ज्यू असणे मात्र २००२ च्या एका अंकातच उघडपणे सांगितले गेले. आपल्या रूपामुळे आपल्या समाजावर बोल येऊ नये, म्हणून आपण गप्प राहिलो, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. १९६५ च्या विवाहकथेच्या शेवटी ली आणि कर्बी स्वतः पात्रे म्हणून येतात आणि त्यांना समारंभाच्या दारातून परत पाठवले जाते. त्या वेळी तो विनोद होता. चित्रकाराने कथा रेखाटावी आणि संवाद नंतर भरले जावेत, या कार्यपद्धतीत कर्त्याचा वाटा ठरवणे अवघड होते. कर्बी १९७० मध्ये संस्था सोडून गेले, १९९४ मध्ये निधन पावले; त्यांच्या वारसांचा हक्काचा दावा २०१४ मध्ये तडजोडीने मिटला. या पार्श्वभूमीवर तो विनोद आज तितका निर्मळ वाटत नाही.

या वाचनावर एक आक्षेप संभवतो : ऋणावर भर दिल्याने मालिकेतील जिव्हाळा, थट्टा, जॉनी-बेनची खोडकर भांडणे यांना गौणत्व येत नाही काय? उत्तर असे की, तो जिव्हाळा खरा वाटतो तो मूळच्या अन्यायाचा विसर न पाडल्यामुळेच. २०२५ च्या 'फर्स्ट स्टेप्स' या चित्रपटात अपत्य आणि त्याच्या रक्षणाचा निर्धार केंद्रस्थानी आहे. बेनचा रोष तेथे जवळजवळ मावळलेला आहे. कुटुंब त्यामुळे अधिक प्रेमळ होते, पण ज्या प्रश्नातून ते जन्मले, तो प्रश्न दृष्टीआड होतो. ज्याचे नुकसान झाले, तोच घराचा सर्वांत निष्ठावान सदस्य का असावा? कुटुंबकथेचा तुलनात्मक अभ्यास करणाऱ्यांनी या स्वस्त कागदावरील मालिकेकडे वळावे, ते या प्रश्नासाठी.