पंधरा कप आणि एक

झाँ पियाजे यांच्या मुलांच्या नैतिक निर्णयाविषयीच्या १९३२ सालच्या ग्रंथातील कथा आमच्या वाचकांस परिचित असेल. दाराआड कप आहेत हे ठाऊक नसल्याने एका मुलाच्या हातून पंधरा फुटले. चोरून मुरंबा काढताना दुसऱ्याच्या हातून एकच. अधिक दोषी कोण? लहान मुले बहुधा पहिल्याचे नाव घेतात. तेवढ्यावरून त्यांना हेतू कळतच नाही, हे आम्हांस पटत नाही. येथे हेतूबरोबर नुकसानही बदलते. नुकसान सारखे ठेवले असता लहान मुलेही हेतू पाहतात, असे पुढील संशोधनात आढळले. (पंधरा कप फुटल्यावर वडीलधारे तरी हेतू कुठे विचारतात!) ग्रंथाचे खरे मोल दुसरीकडे आहे. मोठ्यांच्या धाकामुळेच नुकसान मोजण्याची ही वृत्ती बळावते, असे पियाजे म्हणतात. आपल्या धर्मशिक्षकांच्या चर्चेत नेमका हाच भाग वगळला जातो.